फळ धरलं नाही

"बाई, आमची चावी तेवढी द्या. उद्यापासून उंबरजेकाकूंकडे ठेवतो," माने सर दारातूनच म्हणाले. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

मी पिठाचे हात तसेच घेऊन दाराआडच्या फळीपाशी गेले. त्या फळीवर आमच्या ह्यांनी तेरा खिळे ठोकून खाली घरांचे नंबर लिहिले होते. बार्शीतली आमची शिक्षक सोसायटी चौदा घरांची, आणि एके काळी त्यातल्या अकरा घरांच्या चाव्या माझ्याकडे असत. कुणाचा गॅस यायचा असो, कुणाची पोरं शाळेतून लवकर सुटोत, कुणाची सासू न कळवता एसटीतून उतरो, चावी फडतरे बाईंकडे. आठ वर्षं असं चाललं होतं आणि मला त्याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते. लोकांनी घर हातात द्यावं, याहून मोठा मान मला तरी कधी मिळालेला नाही.

"तुम्ही साडेदहाला शाळेत जाता, संध्याकाळी येता," माने सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "काकू दिवसभर घरीच. सोयीचं पडतं हो."

त्यांचं काही चुकत नव्हतं. तेच तर मला सोसवलं नाही. चावी काढून दिली तेव्हा फळीवर तीन उरल्या.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची, हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. गिरिजा उंबरजे माझ्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. त्यांचे यजमान ड्रॉइंग मास्तर होते, घर बांधून झालं आणि वर्षभरात गेले. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. घरात दुसरं कुणी नाही. मूळच्या अक्कलकोटकडच्या, शिक्षण सातवी, बोलणं हळू. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करून घरोघर द्यायच्या आणि बदल्यात डबा रिकामा परत आला तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. अशी माणसं मला मुळातच आवडत नाहीत. सतत चांगली वागणारी बाई शेजारी असली की आपलं साधं वागणंही वाईट दिसायला लागतं.

एवढंच असतं तर मी गिळलं असतं. पण मग त्यांचा निवडुंग फुलला.

निवडुंग ही आमच्या सोसायटीत माझी गोष्ट होती. कोल्हापूरला शिकत असताना आमच्या प्राध्यापकांनी मला वीतभर तुकडा दिला होता, तो मी आधी कुंडीत आणि मग अंगणात वाढवला. खांबासारखा सरळ, पैलूदार, एकाला तीन फांद्या, बारा फूट उंच. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिकडे ही झाडं घराएवढी होतात आणि त्यांची फुलं रात्री उघडतात, कारण त्यांच्याकडे येणारी पाखरं रात्रीची असतात, पतंग आणि वटवाघळं. संध्याकाळी सातला कळी हलायला लागते, नऊ-साडेनऊला ताटलीएवढं पांढरं फूल, आणि सकाळी उन्हं अंगणात येईपर्यंत मान टाकलेली. वर्षातून दोन-तीनदा हा सोहळा व्हायचा. सगळी सोसायटी माझ्या अंगणात सतरंज्या टाकून बसायची, मी मसाला दूध करायची आणि फुलाच्या भागांची नावं सांगायची. लोक मला मागून निवडुंगबाई म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

तर गिरिजाबाईंनीही मागच्या अंगणात तसलाच खांब लावला होता. माहेरच्या कुंपणाचा तुकडा आणलाय, म्हणाल्या. चार वर्षांत तो माझ्या झाडाच्या वर गेला. त्र्याण्णवच्या जून महिन्यात एकाच रात्री दोन्ही झाडं फुलली. माझ्या झाडाला सहा फुलं. त्यांच्या झाडाला तेरा.

मी दूध उकळून, वेलदोडे घालून वाट पाहत बसले. नऊ वाजले तरी अंगणात आम्ही दोघंच. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येत होते, सतरंज्या झटकल्याचे आवाज येत होते. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. हे म्हणाले, "आपणही जाऊ पलीकडे. दूध घेऊन जाऊ." मी म्हटलं, दूध मोरीत ओतेन पण तिकडे नेणार नाही. आणि पाच मिनिटांनी स्वतःच उठून गेले, कारण लोक तिथं काय बोलतायत ते ऐकल्याशिवाय मला राहवेना.

सगळे होते. झाड सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. माने वहिनी मला बघून म्हणाल्या, "या बाई. तुमच्या झाडाची ही लेक बघा कशी नटलीय." त्या गमतीत म्हणाल्या. पण मी ते उचललं.

माझ्या झाडाच्या भिंतीकडच्या फांदीवर एक जुना व्रण होता, कुणीतरी शेंडा कापून नेल्याचा. तारांसाठी वायरमनने तोडला असेल, वाऱ्याने मोडला असेल. आजही मला ठाऊक नाही. पण त्या क्षणी मला पक्कं ठाऊक झालं.

"लेक दिसते काय, आहेच," मी म्हटलं. "माझ्या फांदीचा शेंडा कुणी नेला, तो प्रश्न मला चार वर्षं पडलाय."

गिरिजाबाई पोह्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही हो बाई. हे माझ्या माहेरचं आहे. आमच्या अण्णांनी लावलेलं."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण अंगात मास्तरीण शिरली की माझं तोंड थांबत नाही. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगते तसं. या निवडुंगाला स्वतःचे पराग चालत नाहीत. एकाच झाडाचे दोन तुकडे दोन अंगणांत लावले तरी झाडाच्या लेखी ते एकच झाड, एकाचे पराग दुसऱ्यावर टाकले तरी फळ धरत नाही, फूल वाळून गळतं. म्हणूनच माझ्या झाडाला आजवर फळ नाही. फळ धरायला खरंखुरं दुसरं झाड लागतं.

"म्हणजे तपासता येईल," माने सर म्हणाले. ते सोसायटीचे चिटणीस, त्यांना तपासण्याची आवड.

"आत्ता तपासते. गिरिजाबाईंच्या फुलाचे पराग माझ्या फुलावर टाकते. पंधरा दिवसांत कळेल. फळ धरलं तर ह्यांचं झाड माहेरचं. नाही धरलं तर ते कुठलं, ते ज्याचं त्याने समजावं."

ब्रश हवा होता. गिरिजाबाई आत गेल्या आणि उंबरजे मास्तरांचा ब्रश घेऊन आल्या, मऊ केसांचा, धुऊन कागदात गुंडाळून ठेवलेला. तो त्यांनी माझ्या हातात दिला. त्याचीही मला चीडच आली.

आधी मी माझ्या झाडाकडे गेले, मागोमाग सगळी वरात. दोन फुलं निवडली, ब्रशने त्यांच्यातले त्यांचे स्वतःचे पराग झाडून काढले आणि पुंकेसर कात्रीने छाटून टाकले, म्हणजे प्रयोग चोख व्हावा. मग तोच ब्रश घेऊन पलीकडे. गिरिजाबाईंनी स्टूल धरलं, मी चढले, हाताला येणाऱ्या चार फुलांमध्ये ब्रश फिरवून पराग घेतले. परत येऊन माझ्या त्या दोन फुलांवर नीट चोपडले, वर कागदाच्या पिशव्या बांधल्या, देठांना निळी लोकर गुंडाळली. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले होते की दोन फुलांच्या मध्ये ब्रश धुवा. त्या रात्री मी तो धुतला नाही. तेव्हा ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी मी पिशवीत डोकवायची. आणि सोसायटीही वाट बघत होती. कुणी उघड बोलत नव्हतं, पण पाणी भरताना, भाजी घेताना विषय निघायचाच. चोरी तुकड्याची असली तरी शब्द चोरीच होता, आणि ज्यांच्या चाव्या तिकडे होत्या त्यांना तो ऐकू येत होता. माने वहिनींनी मला एकदा हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच वाटतं?" मी म्हटलं, मला वाटण्याचा प्रश्नच नाही, झाड सांगेल.

झाडाने बाराव्या दिवशी सांगितलं. बाकीची चार फुलं वाळून कधीच गळली होती. निळ्या लोकरीची दोन मात्र देठाशी घट्ट होती आणि त्यांच्या बुडाशी हिरवे, गुळगुळीत, लिंबाएवढे गोळे फुगले होते. फळं धरली होती. माझ्या झाडाला जन्मात पहिल्यांदा.

शिकवलेला नियम डोळ्यांसमोर खरा ठरला होता. एरवी मी मुलांना घरी बोलावून दाखवला असता. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आता मला भिंतीपलीकडे जाऊन सगळ्यांसमोर म्हणावं लागणार, गिरिजाबाई, चुकलं माझं. आणि त्या म्हणणार, असू दे हो बाई. तो आवाज मला आत्ताच ऐकू येत होता. त्यानंतर माझ्याकडच्या तीन चाव्याही तिकडे जाणार.

मी दोन्ही फळं पिरगळून तोडली. देठांतून चिकट पाणी आलं. खताच्या खड्ड्यात टाकली, वर राख लोटली, हात धुतले आणि साडेदहाला शाळेत गेले.

संध्याकाळी हे म्हणाले, "पिशव्या सोडल्यास? फळ धरलं होतं ना? परवा मला फुगल्यासारखं दिसलं."

"गळालं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर उघडला. पुढे त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत.

माने सरांनाही मी तेवढंच सांगितलं. फळ धरलं नाही. चोर हा शब्द मी वापरला नाही, आणि त्याबद्दल तेव्हा स्वतःची पाठही थोपटून घेतली. दुसऱ्या दिवशी माने वहिनी पलीकडे जाऊन आपली चावी माझ्याकडे घेऊन आल्या. मग सहा नंबरवाले. मग पाटणे बाई. आठवड्याभरात फळीवर अकरा चाव्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. प्रत्येकाने गिरिजाबाईंना काहीतरी सोयीचं कारण सांगितलं आणि त्यांनी प्रत्येकाला चावी पुसून दिली, असं मला वहिनींनीच सांगितलं.

चाव्यांबरोबर माणसंही गेली. आधी दिवसभर त्यांच्या दारात कुणी ना कुणी असायचं, चावी मागायला यायचं आणि घोटभर चहा घेऊन जायचं. आता त्या पायरीवर एकट्याच शेंगा सोलत बसायच्या. चटणीचे डबे लोक घ्यायचे, पण भरलेलेच परत करायचे, पथ्य आहे, तिखट चालत नाही असं सांगून. मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मला वाईट वाटायला हवं होतं. मला गार वाटत होतं. पुढे दिवाळीत त्या घर विकून भावाकडे अक्कलकोटला गेल्या त्या गेल्याच, पण ते नंतर.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, हे गावाला गेलेले असताना त्या माझ्याकडे आल्या. हातात स्टीलची ताटली, वर रुमाल. मी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत. रुमाल काढला.

ताटलीत लालभडक फळ होतं, मोठ्या पेरूएवढं. एका बाजूने उकललेलं, आत पांढरा गर आणि काळ्या बारीक बिया. मी ते चित्रात पाहिलं होतं, हातात कधी नाही.

"चार धरलीत," गिरिजाबाई म्हणाल्या. "तेरा फुलांतली चार. तुम्ही स्टुलावर चढून ज्यात ब्रश घातला होतात, तीच चार. स्टूल मीच धरलं होतं, म्हणून लक्षात आहे."

ब्रश. माझ्या फुलाचे पराग झाडलेला तोच ब्रश मी पलीकडे नेला होता. माझ्या झाडाचे पराग त्यांच्या झाडाने घेतले होते, तेही माझ्याच हातून.

"बाई, तुम्ही त्या रात्री सांगितलं ते मी नीट ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "एकाच झाडाचे तुकडे असले तर फळ धरत नाही. मग हे कसं धरलं?"

काय वाटलं कुणास ठाऊक, मी ते फळ उचललं आणि खायला लागले. उभ्याउभ्या, त्यांच्यासमोर. गर तोंडात कोंबला, बिया दातांखाली कुरकुरल्या, रस मनगटावर ओघळला. साल तेवढी उरली, ती मी मुठीत धरून ठेवली. अधाशी पोरगंसुद्धा असं खाणार नाही. गिरिजाबाई बघत होत्या.

"मी खायला नव्हतं आणलं," त्या म्हणाल्या. "मी कुणाला दाखवलं नाही अजून. मी दाखवलं तर लोक म्हणतील, कुठून तरी आणून बांधलं. तुम्ही दाखवलंत तर खरं मानतील. म्हणून तुमच्याकडे आणलं."

रिकामी ताटली त्यांनी पदराने पुसली.

"तीन आहेत झाडावर. मी तोडणार नाही. तुम्ही या आणि सगळ्यांसमोर तोडा. पण लवकर या, पिकलीत."

सोमवारी शाळेतून आल्यावर जाईन, असं मी ठरवलं. सोमवारी गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा एका फळावर बुलबुल बसले होते. हाकलता आलं असतं. हात वर केला असता तरी उडाले असते. मी दोरीवरचे कपडे काढत राहिले. मंगळवारी दुसरं फळ गेलं. बुधवारी खारीने तिसरं फोडलं आणि संध्याकाळपर्यंत देठाला लाल चिंधी तेवढी लोंबत होती. मग मात्र मला झोप लागेना.

पुढच्या रविवारी सोसायटीची बैठक होती, माने सरांच्या व्हरांड्यात. पाण्याच्या टाकीचा विषय संपला तेव्हा मी उभी राहिले. गिरिजाबाई शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी सगळं सांगितलं. माझ्या झाडाला दोन फळं धरली होती, ती मी तोडून खड्ड्यात टाकली. यांच्या झाडाला चार धरली, त्यातलं एक मी खाल्लं, तीन पाखरांनी. झाड यांच्या माहेरचंच आहे. मी खोटं बोलले. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हटलं, मला यांचा मत्सर वाटत होता.

मग माने सर हसले, मोठ्या मायेने हसले.

"बाई, सख्ख्या पुतण्याला दोन मार्कांसाठी नववीत नापास करणारी बाई तुम्ही. तुम्ही फळं तोडून लपवाल, हे कुणाला पटेल? उंबरजेकाकूंची अडचण तुम्हाला बघवत नाही, म्हणून सगळं स्वतःवर घेताय. एवढं न कळण्याइतके आम्ही दूधखुळे नाही." ते बाकीच्यांकडे वळले. "मन असावं तर असं."

"खरंच," पाटणे बाई म्हणाल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. माने वहिनींचे डोळे भरून आले होते.

गिरिजाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. राग नव्हता त्यात. मी आता काय म्हणते, याची वाट बघत होत्या. साठ पोरांचा वर्ग एका हाकेत गप्प करणारा माझा आवाज. मी फक्त म्हणायचं होतं, माने सर, राखेखाली काय उरलंय ते उकरून दाखवते, चला माझ्या अंगणात.

मी खाली बसले. वहिनींनी माझा हात हातात घेतला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि गिरिजाबाई पायऱ्या उतरून गेल्या. कुणी वळून पाहिलं नाही, मीही नाही. टाळ्या अजून चालू होत्या, आणि मला बरं वाटत होतं.